एकात दोन चालत नाहीत म्हणे

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरते म्हटलं की जळगावात लोक असं बघतात, जणू मी वांग्याच्या भरतात साखर घातली. परवा प्रिंटर दुरुस्त करायला आलेला इंजिनिअरही तसाच. माझं लग्नपत्रिकांचं दुकान. आमचे जुने मराठी फॉन्ट फक्त जुन्या विंडोजवर चालतात, म्हणून लिनक्सच्या आतच एका खिडकीत मी ते विंडोज चालवते. ते दिसताच यानं माउसच हातात घेतला.

“ताई, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. कधीतरी मशीन बसेल, सगळ्या पत्रिका जातील. फॉरमॅट मारून साधं विंडोज टाकून देतो.”

“माउस खाली ठेवा. मशीन माझं आहे.”

“पण ताई, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर...”

तेवढ्यात साक्रीहून त्याच्या आईचा फोन आला. “हां माय, बठ्ठं ठीक शे. ऐतवारले येस मी. तू जेवी ले.”

फोन ठेवला आणि साहेब परत शुद्ध मराठीत. “तर माझं म्हणणं असं, की एकात दोन चालत नाहीत.”

मी म्हटलं, “आत्ता तुमच्या आत अहिराणी चालू झाली होती. हँग झालात का? की तुम्हालाही फॉरमॅट मारून देऊ?”