रडकं कार्ड

(फुलसावंगीजवळचा तांडा. धनीबाईच्या घराची ओसरी. धनीबाई आणि तिला ‘याडी’ म्हणजे आई म्हणणारी लेक लाली तांड्यातल्या बायकांना सोबत घेऊन पिशव्यांवर काचा-कवड्यांचं भरतकाम करतात आणि त्या विकतात. समोर पुण्याच्या एका दुकानाकडून आलेली वैष्णवी.)

धनीबाई : पुन्हा वाच व माय. कार्डावरल्या त्या अश्रूवाल्या ओळीपासून.

वैष्णवी : “या पिशवीच्या प्रत्येक टाक्यात एका विधवेचे अश्रू गुंफलेले आहेत.”

धनीबाई : पिशवी ओली निघाली म्हनून लोक वापस आनून देतीन.

लाली : याडी, ऐकून तं घे.

धनीबाई : ऐकूनच राह्यली. मी कवा रडली व शिवताना? डोळ्यात पानी आलं की सुई दिसत नाई मले. दोरा ओवाले अर्धा घंटा जाते.

वैष्णवी : मावशी, ही फक्त मांडणी आहे. दिवाळीत लोक मनानं खरेदी करतात. आमच्या सरांचं म्हणणं असं, की पिशवीमागची गोष्ट गिऱ्हाइकाला भिडली पाहिजे.

धनीबाई : गोष्ट तं आमी देतोच. दर पिशवीत चिठ्ठी राह्यते. लाली, दाखव.

लाली : मॅडमनं पाह्यल्या चिठ्ठ्या.

धनीबाई : पाह्यल्या. वाचल्या काय? वाच तू.

लाली : “ही पिशवी भरताना लालसिंगची बायको सासूसंग दोनदा भांडली. म्हनून टाका घट्ट हाये.”

धनीबाई : पाह्य, पोरगी हसली. दुसरी वाच.

लाली : “यात दोन किलो वांगे मावतात. नवरा मावत नाई. आमी घालून पाह्यला.”

वैष्णवी : मला आवडतात हो. खरंच आवडतात. पण सर म्हणतात, असलं वाचलं की गिऱ्हाइकाला वाटतं, या बायकांचं तर बरं चाललंय. मग आपण कशाला घ्यायची?

धनीबाई : म्हंजे आमचं बरं चाललं तं पिशवी खराब झाली?

वैष्णवी : तसं नाही...

लाली : याडी, तीनशे पिशव्या हायेत. हे काम भेटलं तं आपल्यातल्या तिघी दसऱ्यानंतर ऊस तोडायले जात नाईत. तूच त्यायले म्हनली होतीस, या वर्षी तुमाले जाऊ देत नाई.

धनीबाई : म्हनली होती.

लाली : मंग एका कार्डानं काय बिघडते? पिशवी तीच, टाका तोच. चिठ्ठीच्या जागी कार्ड, एवढंच.

धनीबाई : आन् कार्डावर फोटो कोनाचा हाये?

वैष्णवी : तुमचाच. मागच्या महिन्यात काढून नेला होता ना.

धनीबाई : तो फोटोवाला मले म्हने, तोंड मिटा. मिटलं. मंग म्हने, हसू नका. म्या म्हनलं, बापा, माहे दातच असे हायेत. तं म्हने, गेलेल्या मानसाची आठवन करा.

वैष्णवी : असं म्हणाला तो?

धनीबाई : केली आठवन. तं जास्तच हसू आलं. माहा मानूस होताच तसा. बजारात पिशव्या मांडून बसे आन् वरडे, घ्या हो, बायकोनं शिवली, म्या नाई, म्हनून टिकन. सारा बजार हसे.

लाली : लय गर्दी राहे बाच्या दुकानावर. घ्याचं नसलं तरी लोक उभे राहत.

वैष्णवी : मग हेच थोडं लिहू या ना. असा हसरा माणूस होता, आणि एक दिवस...

धनीबाई : साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. ते लिवाचं नाई.

वैष्णवी : त्यात लाज कसली, मावशी?

धनीबाई : लाज नाई व. ऐक. तो गेल्यावर मी बजारात गेलती. माह्या दुकानावर कोनी येये नाई. आलं तं हळू बोले, भाव करे नाई, पिशवी घेऊन खाली पाहत निघून जाय. मले वाटे, त्याच्यासंग मी बी मेली काय? चार महिने असे गेले. मंग एक दिवस मी लालीले म्हनलं, कागद घे, लिव. पयली चिठ्ठी लिवली. त्या बजारात एका बाईनं ते वाचली, हसली, आन् भावासाठी माह्यासंग असी भांडली म्हनतो तुले! घरी येऊन मी रडली. खुशीनं रडली.

लाली : हे मले कधी सांगतलं नाई तू.

धनीबाई : तुले काय सांगू? तू बी माह्याकडं तसंच पाहत होती.

वैष्णवी : मावशी, मी सरांशी बोलते. पण ते ऐकणार नाहीत. कार्डं छापूनच दिलीत त्यांनी माझ्याजवळ.

धनीबाई : तू कुठली व पोरी?

वैष्णवी : पुसदची. शिकायला पुण्याला गेले, तिथंच राहिले.

धनीबाई : मंग पुसदच्या बोलीत सांग. तुले आवडलं काय हे कार्ड?

वैष्णवी : नाई आवडलं. माही माय असी कार्डावर असती तं मले चाललं नसतं.

धनीबाई : झालं तं मंग.

वैष्णवी : पण ते माझ्या हातात नाही, मावशी. कार्ड नाही तर काम नाही, असं स्पष्ट सांगूनच पाठवलंय मला.

धनीबाई : तं तू बी स्पष्ट सांग जाऊन. माहं तोंड माहं हाये, मानूस माहा होता. पिशवी चांगली वाटली तं घ्या, नाई तं नका घेऊ. कीव करून घेऊ नका. कोनी माह्यावर हसलं तं मी त्याच्यावर हसतो. कीव करनाऱ्याचं मी काय करू?

वैष्णवी : लालीताई, तुम्ही तरी विचार करा. सर दुसरीकडे काम देतील. मग पुन्हा इकडे यायचं म्हटलं तरी मला जमणार नाही.

लाली : समजते मॅडम. कार्डं वापस न्या. या घरात लिवनारी मी हाये. आन् ते अश्रूवालं मी लिवत नाई.

वैष्णवी : बरं. निघते मग. येते, मावशी.

धनीबाई : चहा पिऊन जा व.

वैष्णवी : नको, बस चुकेल.

लाली : गेली. याडी, आता त्या तिघींले कोन सांगते?

धनीबाई : मीच. आत्ताच जातो.

लाली : काई गंमत करून सांगजो. तुले जमते.

धनीबाई : नाई. याच्यात गंमत नाई. ऊस त्यायले तोडा लागन, मले नाई. कोनाले स्वतःचा फोटो द्याचा असन तं या पोरीले फोन करा, मी आडवी येत नाई, हे बी सांगीन.

लाली : लय रागावतीन त्या तुह्यावर.

धनीबाई : रागावू दे. राग चालते मले.