बिरोबाच्या माथ्यावर हात

सारजाबाई : हात लावू नका. शेंदूर ओला हाय अजून, बोटाला येतोय.

म्हाळू : सारजे, अगं वढ्यातला धोंडा हाय ह्यो. कालपातुर ह्याच्यावर तू लुगडी धूत व्हतीस.

सारजाबाई : हळू बोला! बाजार भराया लागलाय. धनगरं मेंढरं घिऊन घाट चढून आल्यात. त्यांला काय सांगू, परवा सरकारच्या साहेबानं बिरोबा गाडीत घालून नेला म्हणून?

म्हाळू : खरं तेच सांगायचं. त्यानं शेंदूर खरवडला, आत नक्षी घावली. हैद्राबादच्या अजायबघरात ठेवतो म्हणला. वर मलाच समजावतोय, "पुजारीबुवा, लांबलांबची माणसं बघाया येतील, सराईवाले, खानावळवाले, टांगेवाले, समदे पोटाला लागतील."

सारजाबाई : म्हंजी आपला बाजार बी त्याच गाडीत घालून नेला म्हणा की! अवो, हितं कागद कुणाला वाचता येतोय? बिरोबाच्या माथ्यावर हात ठेवला की सौदा पक्का. मेंढरं आज, पैका दिवाळीला. सारा मुलूख ह्याच्यावर चालतोय.

म्हाळू : मंग खोट्या देवावर शपथा घ्याया लावू? पुजारी हाय म्या. मला भ्या वाटतंय, सारजे.

सारजाबाई : मला न्हाई वाटत व्हय? पर देव गेला हे कळलं तर कुणी कुणाला शेळीची दोरी बी सोडून देणार न्हाई. आपली मेंढरं माघारी न्यावी लागतील, आन रानात काडी न्हाई चाराया. एक बी जगायचं न्हाई.

(मेंढरांचा व्यापारी आप्पाराव येतो.)

आप्पाराव : राम राम, म्हाळू. तुझा समदा कळप म्या घेतला बघ. पैका दिवाळीला.

म्हाळू : समदा? दरसाल तर चार मेंढ्या चाचपता, आन त्यातल्या दोन नको म्हणता. भाव काय?

आप्पाराव : तू म्हणशील तो.

सारजाबाई : झ्याक झालं! ठेवा हात, दादा.

म्हाळू : थांबा. आप्पाराव, घासाघीस केल्याबिगर तुमाला घास गोड लागत न्हाई. आज कावून गप?

आप्पाराव : आज कुणीच करंना रं. बघ की तिकडं, व्यापारी मागंल त्या भावाला हो म्हणायलेत.

सारजाबाई : कंच्या वाटेनं आलात, दादा?

आप्पाराव : आमी समदे व्यापारी तेलगावच्या वाटेनं आलो, वैनी. तिथं चाक मोडून एक सरकारी गाडी उभी हाय. तिथंच बिरोबाच्या पाया पडून आलोय. सरक म्हाळू, हात ठिवू दे.