इम्रिखची तिकिटं आणि माझं कोमट पाणी

...आणि सूप कपातून प्यायचं! तुम्हीच सांगा, रविवारचं कोंबडीचं सूप, त्यात माझ्या हातच्या शेवया, आणि ते कपातून? का, तर घरातल्या सहाच्या सहा खोलगट बश्यांत आमच्या इम्रिखची तिकिटं भिजत पडलेली. पोस्टाची हो! पिशव्या भरभरून आणतो, जुन्या पाकिटांचे कापलेले तुकडे. एकेक तुकडा आधी भिंगाखाली धरणार, मग उसासा टाकणार, मग बशीत सोडणार, कागदावरून तिकीट सुटायला. ते पाणी मात्र मी आणून द्यायचं, आणि माझं पाणी कधी पसंत पडायचं नाही. बोट बुडवणार, भुवया चढवणार, "झोफी, हे गरम आहे. पाणी कोमट पाहिजे." दुसरं आणलं की, "हे गार झालं. कोमट पाहिजे." चाळीस वर्षं संसार केला, तीन पोरींना न्हाऊमाखू घातलं, एक भाजली नाही की गारठली नाही... पण तिकिटांपुढे मी अडाणी.

बरं, तिकिटं तरी कसली? माणसाने फुलपाखरांची जमवावीत, आगगाड्यांची जमवावीत. छे! ह्याला पाहिजेत लढाईतली, हिटलरच्या मेहरबानीवर सहा वर्षं चाललं ना, त्या आमच्या सरकारची. सगळ्यांवर त्या सरकारचा तोच तो राष्ट्राध्यक्ष, एक पाद्री, हिरवा, निळा, तपकिरी, पुन्हा हिरवा... खालच्या मजल्यावरच्या ह्रुश्कोवाबाई मला जिन्यात गाठून विचारतात, तुमचे मालक त्या सरकारच्या लोकांतले का हो? त्या लोकांतला कसला! ब्रेझिन्का म्हणून डोंगरातलं ह्याचं गाव, ते त्याच लढाईत जर्मनांनी जाळलं. बाप तिथला पोस्टमास्तर, तो त्या आगीत गेला. हा तेव्हा दोन वर्षांचा. बापाचा फोटो नाही, टोपी नाही, काही म्हणजे काही उरलं नाही. आणि हा त्याच सरकारची तिकिटं भिंगातून बघत बसतो. त्या तिकिटांचं काय करतोयस म्हणून विचारलं की म्हणतो, "बघतोय." अरे, ते मलाही दिसतंय!

तर झालं काय, ऑक्टोबरात माझी तेरेझियामावशी गेली आणि तिचा शिवणाचा डबा माझ्याकडे आला. त्यात बटणांखाली एक जुनं पाकीट. कुणा मैत्रिणीने मावशीकडे उशीसाठी हंसाची पिसं मागितलेली, एवढाच मजकूर. पण पाकिटावर तो पाद्री, निळा! पाच नोव्हेंबर, इम्रिखचा नामदिवस, म्हणजे कॅलेंडरात ह्याच्या नावाचा दिवस, आमच्याकडे वाढदिवसासारखा करतात, तो आठवड्यावर आलेला. दरवर्षी मी मोजे देते. म्हटलं, यंदा तिकीट देऊ, आणि तेही भिजवून, वाळवून, अगदी तयार. त्याच्या तोंडून एकदा तरी बरं ऐकू!

तो बाहेर पडल्याबरोबर मी बशी घेतली. पाणी ओतलं. बोट बुडवलं. आणि तुम्हाला सांगते, कोमट! ना गरम ना गार. तिकीट कसं अलगद सुटून वर आलं, कडेचा एक दात मोडला नाही. टिपकागदात घालून त्यावर पाकक्रियेचं जाडजूड पुस्तक ठेवलं. उरलं रिकामं ओलं पाकीट, ते दिलं शेगडीत टाकून.

नामदिवसाला खसखशीचा केक कापला आणि तिकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भिंग लावलं. लावलं ते काढीचना. मी आपली वाट बघतेय, आता हसेल, मग हसेल...

"झोफी, ह्याचं पाकीट कुठंय?"

"जाळलं की."

त्याने भिंग माझ्या हातात दिलं. तिकिटावर पोस्टाचा अर्धा शिक्का होता, काळा. मी भिंगातून वाचला. 'ब्रेझि', बस, एवढंच. बाकीचा गोल पाकिटावर राहिलेला. आणि ब्रेझिन्काच्या पोस्टात शिक्का मारणारा माणूस एकच, ह्याचा बाप!

म्हणजे चाळीस वर्षं हा तिकिटं बघतच नव्हता हो. बापाच्या हातचा शिक्का शोधत होता. बशीत पडायची ती सगळी दुसऱ्या गावांच्या शिक्क्यांची, त्याला नको असलेली! आणि हवं ते आख्खं घरात चालून आलं, तर मी... मला रडूच फुटलं. रडता रडता त्याच्यावरच डाफरले, की मेल्या, हे आधी सांगायला तोंड नव्हतं का तुला? तर म्हणतो, तू नेहमी तिकिटांचंच विचारायचीस.

बराच वेळ तो ते अर्धं वर्तुळ बोटाने गिरवत होता, वरच्यावर, न टेकवता. मग डोळे पुसले, तिकीट उलटसुलट करून पाहिलं.

"एक दात मोडला नाही," म्हणाला. "पाणी कोमट होतं?"

"होतं."

"अगदी बरोबर जमलंय, झोफी."

चाळीस वर्षांत एकदा, एकदाच हो जमलं मला ते पाणी... आणि तेही नेमकं त्याच पाकिटाला!