अडतीस हजारांचं दार

…आणि वरून ते दार! नाही, तुम्हीच सांगा, अडतीस हजारांचं दार असतं का हो कुठे? गोंडपिपरीत? समोरचा किराणावाला दुपारी जेवायला जाताना दुकानापुढे एक फळी आडवी टाकतो आणि ती कोणी ओलांडत नाही, तिथं माझ्या दवाखान्याला हे जाड काचेचं, लांब स्टीलच्या दांडीचं, दोन्हीकडे उघडणारं आणि आपोआप मिटणारं दार! मी बसवणाऱ्याला म्हटलं, "दादा, साधं लाकडी नाही का चालणार?" तर माझ्या नवऱ्याने, राजदीपने, मला बाजूला घेतलं. तो ऊर्जानगरला वीज केंद्रात इंजिनिअर, त्याला प्रत्येक वस्तू शंभर वर्षं टिकणारी लागते. म्हणाला, "अगं, एसी लावायचा तर थंडावा बाहेर जायला नको. आणि खर्च नको म्हणू. गुंतवणूक म्हण."

म्हटलं, बरं. गुंतवणूक.

मग काय, गुंतवणुकीला ऊतच आला! जागेचं डिपॉझिट, रंग, रात्री पेटणारी अक्षरं असलेला बोर्ड, इन्व्हर्टर, ऑक्सिजनचा सिलेंडर, तीन-तीन खुर्च्या जोडलेली चार स्टीलची बाकं, म्हणजे बारा जण बसतील, बारा! आणि कचऱ्याचा करार. हे तुम्हाला ठाऊक नसेल. दवाखाना म्हटला की सुया, कापूस, पट्ट्या न्यायला गाडी लावावी लागते, वर्षाचे पैसे आधी भरून. तो गाडीवाला दर दोन दिवसांनी येतो. "म्याडम, कचरा?" "नाही." "काईच नाई?" "नाही हो." परवा म्हणाला, "मंग एखादा कापूस तरी फेका न, मले रजिस्टरात लिहा लागते!" आता त्याच्यासाठी मी स्वतःला सुई टोचून घेऊ?

कारण पेशंटच नाही! आठ दिवस! एक नाही!

आणि मी सरकारी दवाखान्यातली कंत्राटी नोकरी सोडून बसलेली. त्यांनी सांगून ठेवलेलं, "मॅडम, पंधरा तारखेपर्यंत विचार बदलला तर या, नाहीतर दुसऱ्याला घेतो." माझी एफडी मोडलेली, बांगड्या विकलेल्या, आणि मी बारा खुर्च्यांसमोर बसून कॅलेंडर बघतेय. मनात ठरवलं, चौदा तारखेला बाजार आहे. पोंभुर्ण्याकडून, जंगलाकडच्या गावांतून माणसं येतील. त्या दिवशीही कोणी नाही आलं, तर पंधराला जाऊन सही.

म्हणजे माणसं यायची नाहीत असं नाही हं! दारापर्यंत यायची. बाहेर ऊन, आत सावली, त्यामुळे काचेचा झाला आरसा. बस पकडणारे सगळे माझ्या दारात भांग पाडायचे. एक जण रोज मिशा बघतो, डावीकडून, मग उजवीकडून. मी आतून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसलेली, त्याला पत्ता नाही. आणि ललिता, माझी काउंटरवरची मुलगी, ती आपली कॉमेंट्री करणार. "म्याडम, आला… आला… दांडीले हात लावला… गेला." दिवसभर! आला, आला, गेला. राजदीपचा संध्याकाळी फोन. "किती झाले?" मी म्हणायची, "चाललंय." खोटं नव्हे ते. एसी चालला होता.

तर चौदा तारीख उजाडली आणि माझ्या दिव्यानीला ताप! अकरा महिन्यांची पोर, तिला घरी कोण सांभाळणार, म्हणून मी दवाखान्यातच आणते, तपासायच्या टेबलावर निजवते. तेवढाच टेबलाचा उपयोग. थर्मामीटर लावला, एकशे एक. आता तुम्हाला सांगते, दुसऱ्याच्या लेकराला ताप असला की मी डॉक्टर असते. माझ्या लेकराला आला की मी अकरावी नापास! औषधाचा डोस वजनावर काढला, तीनदा काढला, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, तरी वाटलं गणित चुकलं. मलेरियाची किट लावली. निल आली, म्हणजे मलेरिया नाही. म्हटलं, किट खराब असेल. दुसरी लावली. तीही निल. ललिता म्हणाली, "म्याडम, आता तरी कचरा निंगला."

आणि नेमकं तेव्हाच दारात एक बाई. काचेला कपाळ टेकवून, डोळ्यांवर दोन्ही हात धरून आत बघतेय. कडेवर चार वर्षांचा नातू, मान टाकलेला. ललिता कुजबुजते, "म्याडम, आली…" आणि मी हात तिसऱ्या किटकडे नेलेला, डोळे लाल, केस सुटलेले. आता ही बाई काय म्हणेल? डॉक्टरीणच रडून राह्यली? मी उठून हसले. ती दचकली आणि मागे सरकली. "…गेली," ललिता म्हणाली.

त्याच क्षणी दिव्यानी अशी काही किंचाळली, की मी तिला उचललं, चपलाही न घालता दार लोटलं आणि रस्ता ओलांडून पळत सुटले. कुठे? अहो, कुठे म्हणजे! समोर! डॉक्टर धनराजांकडे!

आता धनराज सर म्हणजे तीस वर्षांचे जुने. त्यांचा दवाखाना म्हणजे टिनाचं छप्पर, दोन बाकडी आणि एक पडदा. गुंतवणूक म्हणाल तर तो पडदा. आणि गर्दी ही! माझ्या बाराच्या बारा खुर्च्या भरून उरतील एवढी माणसं, आणि सगळी माझ्याकडे बघतायत. एक आजी मोठ्यानं म्हणाली, "माय! हे तं काचवाली डॉक्टरीन होय!" भुई दुभंगावी तर तीही दुभंगेना.

सरांनी पोरीला घेतलं. कान, घसा, पोट, छाती, सगळं शांतपणे पाहिलं. "मलेरिया पाह्यला?"

"दोनदा."

"औषध देल्लं?"

"हो. इतकं इतकं."

"बराबर हाये. व्हायरल हाये, पाजत राहा, उद्या पुन्हा पाहू. हे सारं तुले ठाऊक होतं न?"

"हो सर."

"मंग इथी आली काऊन?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, तिकडं मी एकटीच डॉक्टर आहे ना!"

अहो, बाकडी हलली हसण्यानं! मी पर्स शोधायला लागले, तर ती तिकडेच. ओशाळून म्हटलं, "सर, आपण डॉक्टर-डॉक्टर एकमेकांकडून फी…" तर म्हणतात, "डॉक्टरकडून नाई घेत मी. लेकराच्या मायकडून घेतो. पन्नास रुपये. मागून पाठव." म्हणजे बघा, माझ्या प्रॅक्टिसमधली पहिली फी, ती मीच भरली.

मान खाली घालून परत आले. मनात सहीसुद्धा करून झाली होती. आणि बघते तर काय, माझ्या दारात चपलांचा ढीग!

झालं असं, मी लोटलं त्या धक्क्यात दार पार मागं जाऊन अडकलं, ते मिटलंच नाही. आणि आत ती मघाची बाई, रुखमाबाई नाव तिचं, नातवाला घेऊन खाली फरशीवर बसलेली. तिच्यामागे आणखी पाच-सहा जण. खुर्च्या रिकाम्या, फरशी फुल्ल! ललिता नुसती बोटांवर मोजतेय.

मी म्हटलं, "रुखमाबाई, मघाशी का हो परत गेलात?"

"परत कुठी गेली, बाई? तिसऱ्यांदा येऊन राह्यली मी! सोमवारी आली, तुमी आत होत्या, दार लागलं होतं. परवा आली, पुन्हा लागलं. मानूस घरात हाये आन् दार लावून बसलं, म्हंजे काई कामात असन. लोकाच्या घरचं लागलं दार ढकलते का कोनी?"

"पण त्यावर 'ढकला' लिहिलंय ना!"

"लिवलं असन. म्हून काय ढकलाव?"

अहो, मी कॉलनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे दार बंदच असायचं आणि बेल वाजायची. मला कधी सुचलंच नाही की आठ दिवस मी अख्ख्या तालुक्याच्या तोंडावर दार लावून, वर पैसे मोजून, आत थंडगार बसले होते!

चंदनला, तिच्या नातवाला, किट लावली. मलेरिया. वेळेत सापडला. औषध सुरू केलं. त्या दिवशी अकरा पेशंट झाले हो! नोकरीवाल्यांचा फोन आला, "मॅडम, उद्या सहीला?" म्हटलं, "नाही जमणार, ओपीडी आहे." हे वाक्य मी दोनदा म्हटलं, एकदा त्यांना आणि एकदा फोन ठेवल्यावर, स्वतःलाच.

संध्याकाळी राजदीप आला. दाराला शेजारच्या बांधकामावरची वीट लावलेली. "अगं, एसी!"

"बंद आहे."

"दीड टनाचा?"

"दार उघडं ठेवायचं तर बंदच राहणार."

त्यानं विटेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, घाम पुसला. मग छताकडे बघत हळूच म्हणाला, "मग… पंखे लावावे लागतील. चार तरी. आणि हे बघ, याला खर्च…"

"नको म्हणू," मी म्हटलं. "कळलंय. कुठली कंपनी?"