पत्र्याला सुटलेलं पाणी

हार्डवेअरच्या दुकानात रंगारी रांगेत उभा होता. त्याच्या पुढचं जोडपं दुकानदाराशी बोलत होतं.

"पत्र्याच्या शेडला पाणी सुटतंय. रोज सकाळी छत आतून ओलं."

"गळतंय का?"

"छे, वरून थेंब येत नाही. आतून फोम लावावा म्हणतो."

"लावा, पण पत्र्याला घट्ट चिकटवा. मध्ये पोकळी राहिली की वाफ तिथेच जाऊन बसते. आणि वर जाळीचा झरोका ठेवा. शेडमध्ये असतं काय?"

"हत्यारं," बायको म्हणाली. "यांचं सुतारकाम चालतं रात्री."

"वहिनी, हत्यारांना कुठला घाम? हे पाणी श्वासाचं. दार लावून कोणी रात्रभर झोपलं, की गार पत्र्याला असं पाणी सुटतं."

"काम करता करता डोळा लागतो कधी कधी," नवरा म्हणाला.

"रोज?" बायकोने विचारलं.

"इथे नको."

"तरीच करवतीचा आवाज येत नाही. मी आपली समजते, पॉलिश चाललं असेल."

"घरी बोलू ना."

"घरी तुम्ही असता कुठे?"

रंगाऱ्याने हातातला ब्रश उगाच उलटसुलट करून पाहिला. दुकानदाराने फोमची गुंडाळी काउंटरवर ठेवली.

"झरोका केवढा देऊ? आत माणसं किती झोपणार, त्यावर ठरतं."

नवरा गुंडाळीची कड नखाने खरवडत राहिला.

"एक," बायको म्हणाली. "आणि फोम जाड द्या. यांना थंडी सोसत नाही."