अठरा एक्सचा रोही

...आणि वर तो मलाच विचारतो, "ताई, तुमाले झूम ऑप्टिकल पायजे का डिजिटल?" आता तुम्हीच सांगा, मला काय माहीत! मी बंगलोरला पाच वर्षं शिकले, शेतीच्या अरिष्टावर परिसंवादात तावातावानं बोलले, टाळ्यासुद्धा पडल्या. पण झूम दोन जातींचा असतो हे त्या पाच वर्षांत एका माणसानं सांगितलं नाही हो! माझा प्रश्न साधा होता. रोही दिसेल का? बस!

रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय, अंगानं घोडा आणि भूक हत्तीची. तिवस्याच्या पलीकडे आमच्या चंद्रभानकाकांचा हरभरा आहे, आणि रोज पहाटे रोह्यांचा कळप येऊन तो फस्त करतो. गेल्या वर्षी सोयाबीन असंच गेलं. तेव्हापासून काका शेताकडे फिरकतच नाहीत, उन्हं वर येईपर्यंत गोधडीत. नुकसानभरपाईसाठी मी वनखात्याच्या कचेरीत भांडायला गेले, तर साहेब म्हणाले, "रोह्यानंच खाल्लं कशावरून? गावातली गुरं नसतील कशावरून? पुरावा आणा." पुरावा? आणते! शिकलेली मुलगी आहे मी, गाव बदलायला परत आलेय! गेले तडक अमरावतीला, कॅमेऱ्याच्या दुकानात.

दुकानात हा शाकीब. काउंटरवर सहा कॅमेरे मांडून बसला, जसे काही सहा नवरदेव मुलगी पाहायला आलेत. "हे पाहा ताई, याची काच खरंच पुढे सरकते, अठरा एक्स, ते ऑप्टिकल. डिजिटलमंदी काच जागीच, फोटो नुसता ताणते. रबरावानी." बरं. मग याच्यावर बहात्तर का लिहिलंय? "ते दोनी मिळून हाय." मग खरं किती? "खरं अठराच, पण बहात्तर वाचून गिऱ्हाइकाले बरं वाटते." घ्या! मग म्हणे हात हलला तरी फोटो हलत नाही अशी सोय आहे. मी विचारलं, आणि रोही हलला तर? "तो तर हालनच ना ताई, जनावर हाय!" बारा मेगापिक्सेल घेऊ की दहा? स्क्रीन मोठा बघू की भिंग मोठं? एकाला चार्जर, एकाला पेन्सिल सेल. आमच्याकडे भारनियमन असं की चार्जर लावायचा तो शोभेला, म्हणून सेलवाला घेतला. सेल पानठेल्यावर मिळतात. डोकं गरगरायला लागलं हो. अरे बाबा, रोही दिसेल का, एवढंच सांग! तर म्हणतो कसा, "दिसन ना. तुमी दाखवला त दिसन."

घरी आणला. काकांना मोठ्या उत्साहानं एकेक गोष्ट समजावली. म्हटलं, काका, यात माणूस हसला की आपोआप फोटो निघतो. काकांनी कॅमेरा उलटासुलटा केला आणि परत दिला. "मंग आपल्या घरी त्या बटनाचं काई काम नाई, माय."

तरी पहाटे गेले. थंडीत कुडकुडत, एकटी, बांधाच्या आड. कॅमेऱ्यात चेहरा ओळखायची सोय होती, तर त्यानं पिवळा चौकोन कुणावर धरावा? बुजगावण्याच्या मडक्यावर! पुन्हा पुन्हा तिथंच! मडकं अगदी स्पष्ट, रोही धूसर. शेवटी तो चौकोन बंद केला, काच पूर्ण पुढे काढली, श्वास रोखला आणि काढला हो फोटो! काय फोटो! रोह्याच्या मिश्या दिसतात, तोंडातला हरभऱ्याचा डहाळा दिसतो, डोळ्यांतला निर्लज्जपणा दिसतो!

धावत कचेरीत. साहेबांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा फोटो जवळ धरला, लांब धरला. "मस्त आला आहे. पण शेत कुठंय?" मी म्हटलं, अहो, तोंडात हरभरा आहे ना! "हरभरा कोणाचाही असन, बाई. हा रोही मेळघाटातलाही असू शकते." बरं, दुसऱ्या दिवशी काच मागे घेऊन काढला. सगळं शेत आलं, विहीर आली, निंबाचं झाड आलं. साहेब म्हणाले, "आता शेत आहे, पण रोही कुठंय?" अहो, हा बघा, हा ठिपका! "याले तुम्ही रोही म्हणता? मी धूळ समजून स्क्रीन पुसून राहिलो होतो." म्हणजे रोही दिसतो तर शेत दिसत नाही, शेत दिसतं तर रोही दिसत नाही, आणि यासाठी मी अठरा एक्स घेतला! मग म्हणाले, "असं करा, पंचनाम्यात शेतकरी शेतात उभा असलेला फोटो लागतेच. तसाच काढा. काका, हरभरा आणि रोही, तिघं एका फोटोत. मग मी नाही म्हणणार नाही."

तुम्हाला सांगते, घरी येऊन हे सांगितलं, तर काका गोधडीतून ताडकन उठून बसले! कारण फोटो म्हणजे काकांचा प्रांत. गेल्या दोन वर्षांत शेतकऱ्यांचे फोटो काढायला गावात मुंबई-दिल्लीचे इतके पत्रकार येऊन गेलेत की काका पोझ देण्यात तयार झालेत. दुसऱ्या दिवशी अंधारातच आंघोळ, धुतलेलं धोतर, टोपी, आणि हरभऱ्याच्या मधोमध उभे. मला ओरडून विचारतात, "वर आभायाकडे पाहू का खाली जमिनीकडे?" मी म्हटलं, काका, कुठंही पाहा, पण हळू बोला, रोही पळेल!

पण रोही पळायला आधी यायला नको का? पांढऱ्या धोतरातला माणूस मधोमध खांबासारखा उभा. कोणता रोही येईल? त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. काका रोज उभे, मी रोज बांधाआड. महिना गेला. मी रडकुंडीला आले, काकांच्या बायकोला, वच्छलाकाकूला म्हटलं, काकू, मी हरले, पुरावा काही मिळत नाही, कॅमेरा परत करते. तर काकूनं मला हाताला धरून शेतात नेलं. हरभरा पुन्हा फुटला होता. घाटे धरले होते!

काकू मागे वळून पाहत कानात म्हणाली, "अवं, परत काहून करतं? रोज घेऊन येत जाय. फक्त तो रोही चुकून आलाच, त फोटो काढू नको! फोटो निघाला की हा मानूस उद्यापासून गोधडीतून निंघनार नाई!"

तर सध्या माझं काम विचाराल, तर ते हे. रोज पहाटे बांधाआड बसायचं, अठरा एक्सची काच पूर्ण पुढे काढायची, काका ओरडले, "आला का वं फोटो?" की म्हणायचं, "नाही हो काका... उद्या!"