सात नंबरची बाटली

...आणि वर ती नर्सबाई मला म्हणते, 'आजोबा, बसा जरा.' अहो, बसा काय बसा! मांडीवर नात, नातीच्या तोंडातून आत्ताच काढून घेतलेली बाटली त्या बाईच्या हातात, आणि ती बाटली मी, मी स्वतः, या दोन हातांनी पारखून आणलेली! नाही, तुम्ही हसू नका. किंवा हसा, हसा, माझी लायकीच ती आहे. पण आधी ऐकून घ्या. तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं प्लास्टिकात काढली मी. बत्तीस वर्षं!

म्हणजे कसं, आमच्या कारखान्यात साच्यातून माल निघायचा आणि मी तिथं तपासनीस. गरम माल बाहेर आला की पहिला हात माझा. उचलायचा, उजेडात धरायचा, टिचकी मारायची, कड बोटानं चाचपायची, कुठं फुगा आलाय का, कुठं दबलंय का, तळाची खूण नीट उठलीय का... नाही उठली की भिरकावला कोपऱ्यात! साचेवाला म्हणायचा, 'सांभाळा रे, टिचकी आला!' हो, टिचकी हेच नाव पडलं होतं मला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घरीदारीसुद्धा तेच. कुणी डबा आणू दे, प्लास्टिकचा मग आणू दे, मार टिचकी, दे निकाल. 'हा दोन वर्षांत तडकणार!' आमची ही म्हणायची, 'अहो, आपण दुसऱ्यांच्या घरी आलोय, ठेवा तो मग खाली!' आता आमच्या कारखान्यात बनायचं काय, ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मीही बत्तीस वर्षांत कुणाला आपणहून सांगितलं नाही. बादल्या. बादल्या आणि घमेली. बादलीतून कुणी दूध पीत नाही, एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं की नको?

तर नात झाली. सूनबाईला तीन महिन्यांनी कामावर परत जायचं, म्हणून बाटलीची सवय लावायची होती. तिनं बिचारीनं आठवडाभर काय काय वाचलं आणि एक बाटली आणली. खोक्यातली. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं, हे नाही, ते नाही, बीपीए नावाचं रसायन नाही, आत घडीचा कागद. मी खोकं बाजूला सारलं, बाटली घेतली, टिचकी मारली... थप्प! अहो, आवाजच नाही! दुधाळ रंग, दाबली तर दबतेय, आरपार धड दिसत नाही. म्हटलं, 'सूनबाई, हे काय उचलून आणलंस?' ती म्हणाली, 'बाबा, पण यातून दुधात काही उतरत नाही, असं लिहिलंय त्यावर.' आणि मी काय म्हणालो माहितीये? आता सांगतानासुद्धा मान वर होत नाही माझी. मी म्हणालो, 'लिहिणारे काय, काहीही लिहितात. प्लास्टिक वाचायचं नसतं पोरी, ऐकायचं असतं!' घरात चार पाहुणे बसले होते. सगळे हसले. तीसुद्धा हसली, आणि बाटली घेऊन आत गेली. मला वाटलं, पटलं तिला.

मी तडक भांडीवाल्याकडे. 'खोकं नको, खोकं काढा, मला माल बघायचाय!' त्यानं माळ्यावरून सुट्या बाटल्यांची टोपली काढली, एकीवरची धूळ सदऱ्याला पुसली, म्हणाला, 'साहेब, ही घ्या. आपटा, झोडपा, फुटली तर माझं नाव बदला.' मी मारली टिचकी... टण्ण! अहाहा! काचेसारखी लख्ख, कड गुळगुळीत, जोडाची रेघ शोधून सापडत नाही. उलटी केली. तळाला त्रिकोण, त्रिकोणात आकडा, काय रेखीव उठलेला म्हणून सांगू, बत्तीस वर्षांत आमच्याकडे असा उठला नाही! आकडा सात. आणि सूनबाईच्या बाटलीवर पाच. आता तुम्हीच सांगा, पाचापेक्षा सात जास्त की नाही? म्हटलं, वरचा दर्जा! अहो, बत्तीस वर्षं तो त्रिकोण मी रोज शेकडो वेळा तपासला. रेघ तुटली नाही ना, आकडा पुसट नाही ना. पण तो आकडा सांगतो काय, हे एकदाही, एकदासुद्धा, कुणाला विचारलं नाही. विचारणार कसा? सगळा कारखाना मला घाबरतो, आणि मी विचारू?

तीन आठवडे, तुम्हाला सांगतो, तीन आठवडे रोज सकाळी मी ती बाटली स्वतः उकळायचो. खळाखळा, वीस मिनिटं, स्वच्छता हवी ना! मग आत काथ्या घालून खसाखसा घासायचो. मग गरम दूध. आणि सूनबाईची बाटली? ती मी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला घेतली. म्हणजे बघा, तीन आठवडे कुंडीतली रोपं चांगल्या बाटलीतून पाणी पीत होती आणि माझी नात... जाऊ दे. बत्तीस वर्षं हो!

मग आला लसीचा दिवस. दवाखान्यात सूनबाई कागद घेऊन खिडकीपाशी रांगेत, मी बाकावर नातीला पाजतोय. नर्सबाई आली, बाळाच्या तोंडातली बाटली घेतली, घेतली ती घेतली, उलटी केली आणि बघत राहिली. मी खूश! म्हटलं, बाई जाणकार दिसतेय. वर मीच म्हणालो, 'सात नंबर आहे.' ती म्हणाली, 'तेच बघतेय आजोबा. हा नंबर दर्जाचा नसतो, कुठलं प्लास्टिक आहे त्याचा असतो. पाच नंबर बाटल्यांना चालतो. सात म्हणजे उरलेलं सगळं. आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर बाळाला द्यायचं नाही. आणि असं कडक, काचेसारखं तर नकोच. गरम केलं, घासलं की त्यातलं रसायन दुधात उतरू शकतं. तुम्ही उकळत नाही ना ही?' उकळत नाही ना! मी म्हटलं, 'रोज. वीस मिनिटं.' तेव्हा म्हणाली ती, 'आजोबा, बसा जरा.' मी बसलेलोच होतो. कसंबसं विचारलं, 'तिला... काही झालंय का?' ती म्हणाली, 'बाळ छान आहे, वजनही छान वाढलंय. पण असल्या गोष्टी लगेच दिसत नाहीत, म्हणूनच आधी जपायचं. आजपासून बंद करा.'

आता चांगला माणूस काय करील? तिथल्या तिथं सुनेला सांगेल. मी काय केलं? बाटली पिशवीच्या तळाशी कोंबली आणि घरी येऊन ठरवलं, फुटली म्हणून सांगायचं. म्हणजे बाटलीही गेली आणि माझी अब्रूही राहिली. जिन्यात गेलो, सोडली हातातून. टण्ण! पुन्हा जोरात आपटली. टण्ण, टण्ण, टण्ण... अकरा पायऱ्या उतरून खाली गेली, ओरखडासुद्धा नाही! वर आणली, खुर्चीच्या पायाखाली घातली, खुर्चीवर बसलो. खुर्ची करकरली. शेवटी बूट घातले, पुन्हा जिन्यात आलो, बाटलीवर चढलो आणि नाचायला लागलो. नाचतोय, घामाघूम, कठड्याला धरून नाचतोय, आणि मागून आवाज आला, 'बाबा?'

सूनबाई. कडेवर नात. काय सांगणार? 'माल तपासतोय' असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या, इतका निर्लज्ज मी! पण नात मला बघून खिदळायला लागली. तिला वाटलं, आजोबा आपल्यासाठी नाचतायत. आणि मला रडू फुटलं हो. साठी उलटलेला माणूस, बूट घातलेला, जिन्यात बसून हुंदके देऊन रडलो. सगळं सांगितलं, नर्सबाई, नंबर, उकळणं, सगळं. ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, 'मी वाचलं होतं बाबा सगळं. पण मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.' मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि मग खाली बघून म्हणते, 'बाबा, अजून एक आहे.' तिचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, सगळ्या तान्ह्या बाळांच्या आया. त्यावर हिनं माझा फोटो टाकलेला, हातात बाटली धरून मी हसतोय, खाली लिहिलंय, 'आमच्या बाबांनी पारखलीय, बत्तीस वर्षांचा अनुभव.' चौघींनी तीच बाटली आणली. एकीला जुळी! सूनबाई म्हणाली, 'मी लिहिते ग्रुपवर.' म्हटलं, 'नको. तोंड माझं छापलंस ना, मग ते तोंड घेऊन मीच जातो.'

गेलो. पहिलीच्या नवऱ्यानं सगळं ऐकलं आणि दार लावलं. बरोबर केलं त्यानं. दुसरीनं बाटली आणून माझ्या हातात ठेवली, 'तुम्हीच वापरा.' तेही बरोबर. जुळ्यांची आई, एक मांडीवर, एक खांद्यावर, म्हणाली, 'काका, मी प्रत्येक गोष्ट दहा जणांना विचारून घेते. ही एकच न विचारता घेतली, तुमचा फोटो बघून.' तिच्या घरातून मी जिना कसा उतरलो, मला आठवत नाही.

चौथीनं मात्र मला आत बसवलं. पाणी दिलं. म्हणाली, 'काका, चूक झाली म्हणून दारोदार सांगत कोण फिरतं हो? आता तुम्हीच सांगा, कुठली घेऊ?' मी म्हटलं, 'पोरी, नर्सबाईंना विचार. मला प्लास्टिक कळत नाही.' बोललो! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बोललो! तर तिच्या डोळ्यांत पाणी. आत हाक मारते, 'अहो, बाहेर या, बघा, एवढा अनुभव आणि माणूस किती नम्र!' आणि आतून नवरा बाळाचा अंघोळीचा टब उचलून घेऊन आला. 'काका, एवढा हा टब जरा वाजवून बघता?' मी हात जोडले, म्हटलं, अहो, खरंच कळत नाही मला! तो बायकोकडे बघून हसला आणि टब माझ्या पुढ्यात ठेवला. आता काय बोलायचं? मला कळतं असं म्हणायचो तेव्हा एकानंही शंका घेतली नाही, आणि आता कळत नाही म्हणतोय तर कुणाला पटतच नाही.